गोल्डन पेंटब्रश: एक दुर्मीळ रानफूल माळावर परत आणायचं तर काय काय करावं लागतं

एप्रिल-मे महिन्यात अमेरिकेच्या वायव्य टोकाला, समुद्राजवळच्या गवताळ माळांवर हे फूल दिसतं. रोप जेमतेम फूट-दीड फूट उंच. एका बुडख्यातून पाच ते पंधरा सरळ दांडे निघतात आणि प्रत्येक दांड्याचं टोक पिवळ्या रंगात बुचकळून काढलेल्या कुंचल्यासारखं असतं. म्हणून नाव गोल्डन पेंटब्रश, सोनेरी कुंचला. शास्त्रीय नाव कॅस्टिलेजा लेव्हिसेक्टा. गुडघे टेकून जवळून पाहिलं की कळतं, तो पिवळा रंग पाकळ्यांचा नाहीच. बोगनवेलीत कसं, रंग पानांचा असतो आणि खरं फूल मधोमध पांढरं, बारीकसं असतं, तसंच इथे आहे. पिवळी दिसतात ती फुलांखालची पानं, आणि खरं फूल म्हणजे त्यांच्या आड दडलेली एक हिरवट-पिवळी नळी. दांडा, पानं, सगळ्यावर मऊ लव असते आणि ती बोटाला किंचित चिकटते.

1997 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने धोक्यातील प्रजातींच्या कायद्याखाली या फुलाची नोंद केली, तेव्हा ते सगळ्या जगात दहाएक ठिकाणीच उरलं होतं. काही ठिकाणं वॉशिंग्टन राज्यात होती, तर काही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटांवर. दक्षिणेकडच्या ऑरेगन राज्यात तर 1938 नंतर ते कुणाला दिसलंच नव्हतं. 2023 साली हेच फूल अमेरिकेच्या यादीतून काढलं गेलं, पण नामशेष झालं म्हणून नव्हे. वस्त्यांची संख्या चाळीसच्या वर गेली होती आणि ऑरेगनच्या माळांवर ते पुन्हा फुलू लागलं होतं. यादीत गेलेल्या वनस्पतींपैकी फार थोड्या अशा बाहेर येतात.

हे कसं जमलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘दुर्मीळ झाड वाचवा’ म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा कुंपण येतं. जागा राखीव करायची, माणसाला आत येऊ द्यायचं नाही, बाकी निसर्ग बघून घेईल. या फुलाच्या बाबतीत नुसतं कुंपण घालून थांबणं म्हणजे त्याला सावकाश मारणं.

माळ आगीवर टिकला होता

आधी जागा पाहू. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकापासून वॉशिंग्टनच्या प्युजेट खोऱ्यातून ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यापर्यंत, कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला हा पट्टा पसरला आहे. या भागाचं नाव काढलं की पाऊस आणि उंचच उंच सूचिपर्णी जंगल डोळ्यांपुढे येतं, आणि ते खोटं नाही. पण तिथला पाऊस हिवाळ्यातला. जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडेच जातात. त्यात दक्षिण प्युजेट भागात हिमनदी मागे हटताना गोटे आणि वाळू टाकून गेली, त्यामुळे पाणी वरून पडलं की सरळ खाली निघून जातं. अशा भरड, कोरड्या जमिनीवर गॅरी ओकची विरळ झाडं आणि त्यांच्यामध्ये मोकळं गवत, असं दृश्य असायचं.

मात्र नुसती जमीन भरड म्हणून हा माळ मोकळा राहिला नव्हता. कोस्ट सॅलिश, कलापुया आणि इतर मूळ रहिवासी उन्हाळा सरताना माळाला ठरवून आग लावत. कामास नावाच्या निळ्या फुलाचा कंद हे त्यांचं रोजचं अन्न, आणि तो मोकळ्या जागेतच पोसतो. ओकची फळं वेचायला जमीन साफ लागते. कोवळ्या फुटव्यावर हरणं येतात. वनस्पतींच्या शोधात फिरणारा डेव्हिड डग्लस 1826 च्या सप्टेंबरात विलामेट खोऱ्यातून गेला, तेव्हा ओढ्यांचे काठ सोडले तर सगळा मुलूख जळालेला होता, असं त्याने रोजनिशीत टिपून ठेवलं आहे. पुढे आग थांबल्यावर ज्या झाडाने हा माळ गिळला, ते डग्लस फर याच माणसाच्या नावाने ओळखलं जातं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोरे वसाहतवाले आले, मूळ रहिवाशांना हुसकावलं गेलं आणि आगही थांबली. जमीन नांगराखाली गेली, घरांखाली गेली, आणि जी नुसती पडून राहिली तिच्यात वीस-तीस वर्षांत फरची दाटी झाली. दक्षिण प्युजेट भागात मूळ माळाचा आज जेमतेम तीन टक्के भाग देशी वनस्पतींसह शिल्लक आहे. त्यातला सर्वांत मोठा तुकडा जॉइंट बेस लुईस-मॅकॉर्ड या लष्करी तळावर आहे. तिथे तोफांच्या सरावात गवत पेटत राहिलं, म्हणून माळ मोकळा राहिला. फुलांसाठी कुणी काही करत नव्हतं, पण आग लागत होती, एवढं पुरलं.

महाराष्ट्रात सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांना सरसकट ‘पडीक’ म्हणून तिथे झाडं लावायची घाई होते, तेव्हा हे प्रकरण आठवावं. सपाट, गवताळ, झाडं कमी असलेली जागा ही जंगल व्हायची राहिलेली जागा नसते.

मुळाखालची उसनवारी

आता रोपाकडे येऊ. ज्वारी घेणाऱ्या शेतकऱ्याला टारफुला माहीत असतो. वरून हिरवं, साधं रोप, पण मुळं ज्वारीच्या मुळात घुसलेली. गोल्डन पेंटब्रश त्याच कुळातला, ओरोबँकेसीतला. तोही अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी असल्यामुळे स्वतःचं अन्न तो स्वतः तयार करतो, पण जमिनीखाली शेजाऱ्याच्या मुळाला बारीक गाठीसारखा शोषक चिकटवून तिथून पाणी आणि खनिजं ओढतो. ज्या महिन्यांत माळावर पाणी नसतं, त्या महिन्यांत खोल मुळांचा शेजारी असणं हाच त्याचा आधार.

टारफुल्याशी दोन बाबतींत मात्र त्याचं जमत नाही, आणि हे फरक कामाच्या दृष्टीने मोठे आहेत. टारफुल्याचं बी यजमानाच्या मुळातून पाझरणारं रसायन लागल्याशिवाय उगवतच नाही. पेंटब्रशचं बी तसं अडून बसत नाही. त्याला थंडी लागते. ओल्या थंडीत, चार-पाच अंश सेल्सिअसला सहा ते आठ आठवडे राहिलं की ते यजमान नसतानाही रुजतं. दुसरं, तो एकाच यजमानाला बांधलेला नाही. रोमर्स फेस्क्यू हे झुपक्याचं गवत, ऑरेगन सनशाइन हे लोकरी पानांचं पिवळं फूल, यारो, असे बरेच शेजारी त्याला चालतात. पण चालणं वेगळं आणि मानवणं वेगळं. कुंडीत एकटं वाढवलेलं रोप माळावर नेऊन लावलं, तर पहिल्या कोरड्या उन्हाळ्यातच बहुतेकदा संपतं. सुरुवातीला फेस्क्यू हाच उत्तम सोबती असेल असं धरून चालत, कारण माळावर तोच सगळीकडे असतो. प्रत्यक्ष लावून पाहिल्यावर ऑरेगन सनशाइनसारखी बहुवर्षायू रुंद पानांची झाडं जास्त उपयोगी ठरली. म्हणून आता माळ तयार करताना गवतासोबत अशा फुलझाडांचं बी भरपूर टाकतात. पेंटब्रशला जागा करून द्यायची तर आधी त्याचे शेजारी वसवावे लागतात.

एक रोप साधारण पाच-सहा वर्षं जगतं. त्याचं स्वतःच्याच परागाने बी फारसं धरत नाही, त्यासाठी दुसऱ्या रोपाचा पराग आणि तो आणणारी भुंग्यासारखी जाड बंबल मधमाशी लागते. बी अगदी बारीक आणि हलकं, वर जाळीदार साल असलेलं. ते खायला कुणी दूर नेत नाही, त्याला पिसंही नाहीत, त्यामुळे बोंड उकललं की बी आईच्या आसपासच पडतं. सगळं मिळून चित्र असं बनतं: थोडं जगणारं, दर काही वर्षांनी नव्या रोपांची भर लागणारं आणि स्वतः दूर न जाऊ शकणारं झाड. नवी रोपं यायची थांबली की दहा वर्षांत वस्ती संपते, आणि एकदा संपली की शेजारच्या माळावरून ते आपोआप येत नाही.

नुसत्या कुंपणाने का भागत नाही ते यातून स्पष्ट होतं. आग थांबलेल्या माळावर वाळक्या गवताचा थर साचतो, त्यावर शेवाळ चढतं. बारीक बी त्या थरावर पडून राहतं आणि मातीला टेकतच नाही. टेकलंच, तरी टॉल ओटग्रास नावाचं युरोपातून आलेलं कंबरभर उंचीचं गवत त्याच्यावर सावली धरतं. मग स्कॉच ब्रूम येतो. तोही पिवळ्या फुलांचाच, पण झुडूप. आपल्याकडे घाणेरी जशी पसरली तशी त्याची चाल आहे. व्हँकुव्हर बेटावर 1850 च्या सुमारास एका वसाहतवाल्याने हौसेने बी लावलं आणि तिथून सुरुवात झाली. तो शेंगा धरणाऱ्या कडधान्यांच्या वर्गातला असल्याने मातीत नत्र वाढवतो, आणि वाढलेल्या नत्रावर देशी झाडांपेक्षा तणंच जोमाने फोफावतात. शेवटी फर. बाहेरून कुंपण शाबूत असतं आणि आत फूल गेलेलं असतं.

कुंपण अगदी निरुपयोगी आहे असंही नाही. हरणं नेमके फुलाचे दांडे खुडतात, आणि सॅन हुआन बेटावर आणून सोडलेल्या युरोपीय सशांनी माळाची वाट लावली. तिथे जाळी लागतेच. पण ती कामाची सुरुवात असते.

आधी जाळा, मग थांबा, मग फवारा, मग पेरा

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवलं की तणाचं बी मरतं आणि बारीक बियाण्याला स्वच्छ, मोकळी माती मिळते. प्युजेट खोऱ्यातल्या माळावर ठरवून लावलेली आग जवळपास हेच काम मोठ्या प्रमाणावर करते.

वेळ असते उन्हाळा सरतानाची, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. तोवर पेंटब्रशचं बी पिकून गळलेलं असतं, वरचे दांडे वाळलेले असतात आणि जीव जमिनीलगतच्या बुडख्यात असतो. गवताची आग झरकन पुढे सरकते, त्यामुळे एक-दोन इंच खाली माती फारशी तापत नाही. आगीआधी भोवती जाळरेषा काढतात, म्हणजे गवत अगदी बुडापर्यंत कापून किंवा पाणी मारून केलेला पट्टा. ओकच्या बुंध्यांभोवतीचा पाचोळा ओढून बाजूला करतात. पेटवायला ड्रिप टॉर्च असतो, त्यात तीन-चार भाग डिझेलला एक भाग पेट्रोल. वारा ज्या दिशेला वाहतो त्या कडेपासून सुरुवात करतात. तिथे लावलेली आग वाऱ्याविरुद्ध सरकत असल्याने हळू चालते आणि मागे जळून काळा झालेला रुंद पट्टा सोडते. तो पुरेसा झाला की दोन्ही बाजू पेटवतात आणि शेवटी वाऱ्याच्या बाजूने आग सोडतात. ती जोरात धावते आणि काळ्या पट्ट्याला भिडून विझते. हा क्रम उलटा झाला तर आग हाताबाहेर जाते. वारा फार असला तर जाळत नाहीत, आणि अगदी पडलेला असला तरी जाळत नाहीत, कारण मग धूर वस्तीवर बसतो.

सगळा माळ एका वर्षी जाळायचा नाही, हा नियम कडक आहे. तिसरा हिस्सा या वर्षी, दुसरा पुढच्या, असे तुकडे पाडतात आणि एका तुकड्याची पाळी तीन ते पाच वर्षांनी येते. माळावर फुलपाखरांच्या अळ्या आणि इतर किडे असतात, त्यांना पळून जायला न जळलेली जागा शेजारी हवी. इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. सह्याद्रीत उन्हाळ्यात कुणीतरी काडी टाकून लावलेला वणवा आणि ही आग, दोन्हींचा काही संबंध नाही. कुठला तुकडा, कुठला महिना, किती वर्षांनी आणि विझवायला किती माणसं, हे ठरवल्याशिवाय लावलेली आग माळाला आणि जंगलाला मारकच असते.

आगीनंतर लगेच बी टाकायचा मोह होतो. तो आवरावा लागतो. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत काळ्या जमिनीवर हिरवी लव दिसू लागते. ती बहुतेक परदेशी तणांची असते, कारण देशी झाडं अजून झोपलेली असतात. नेमक्या या खिडकीत ग्लायफोसेट या तणनाशकाचा फवारा देतात. आठवडाभर आधी फवारलं तर निम्मं तण उगवायचंच असतं, आणि फार उशीर केला तर देशी झाडांचे कोंबही सापडतात. जिथे देशी झाडं आधीच चांगली आहेत, तिथे सरसकट न फवारता तेवढ्या तणावर पाठीवरच्या पंपाने मारतात.

टॉल ओटग्राससाठी वसंतात दुसरं औषध वापरतात, फ्लुअ‍ॅझिफॉप. आपल्याकडे सोयाबीनमधलं गवत मारायला हेच मिळतं. ते रुंद पानाच्या झाडांना धक्का लावत नाही, फक्त गवतं मारतं. आणि गंमत अशी की फेस्क्यूसारख्या बारीक पात्याच्या गवतांनाही ते लागू पडत नाही, कारण औषध ज्या विकरावर घाव घालतं, ते विकर या गवतांमध्ये वेगळ्या घडणीचं आहे. म्हणजे नको ते गवत मरतं आणि हवं ते गवत उभं राहतं. या एका योगायोगाने माळावरचं केवढं तरी काम सोपं झालं.

ब्रूमचं तसं नाही. त्याचं कठीण सालीचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं आणि आगीच्या धगीने उलट ते जागं होतं. त्यामुळे आगीनंतरच्या वसंतात ब्रूमच्या रोपांचा गालिचा उगवतो आणि नवखे घाबरतात. खरं तर तीच संधी असते. जमिनीत दडलेला साठा बाहेर आलेला असतो. ही रोपं फुलायला दोन-तीन वर्षं घेतात, त्याआधी पुन्हा आग किंवा उपटणी झाली, तर साठा तेवढा कमी होतो. ती वेळ चुकली आणि एका हंगामाचं बी पडलं, की पुन्हा पहिल्यापासून. जुनं जाड झुडूप उपटू नये, माती उसकटते आणि त्याच मातीत नवं बी रुजतं. ते कोरड्या दिवसांत, झाड तहानलेलं असताना जमिनीलगत कापायचं.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बियाण्याला लागणारी ओली थंडी मग हिवाळा फुकट देतो. तिळाचं बी पेरताना आपण त्यात वाळू मिसळतो, तसंच इथेही बारीक बी वाळू किंवा भाताच्या तुसात मिसळून हाताने फेकतात. बी मातीवर पडू द्यायचं, पुरायचं नाही. अर्धा इंच माती वर आली तरी इतकं लहान बी वर येऊ शकत नाही. सोबत इतर देशी फुलांचं आणि थोडं गवताचं बी. गवत जास्त झालं तर तेच पुढे दाटतं, म्हणून फेस्क्यूचं प्रमाण जाणून-बुजून कमी ठेवतात.

आधीच्या वर्षांत मात्र सगळा भर तयार रोपांवर होता, कारण बी इतकं थोडं होतं की उधळून चालणार नव्हतं. ओल्या कागदावर शीतपेटीत बी थंड करायचं, अंकुर फुटला की चिमट्याने उचलून लांबट नळीकुंडीत लावायचा, जमल्यास सोबत यजमानाचं रोप, आणि शरदात पावसाला सुरुवात झाली की माळावर. लावताना नळीतली माती फुटली तर मुळांची यजमानाशी जुळलेली जोडणी तुटते. वसंतात लावलेल्या रोपाला मुळं खोल जायला वेळच मिळत नाही. या रोपांनी वस्त्या सुरू झाल्या खऱ्या, पण एकेक रोप लावून हजाराचा आकडा गाठणं फार महाग पडत होतं. मग शेतासारख्या वाफ्यांत पेंटब्रश लावून बी वाढवायला सुरुवात झाली. वॉशिंग्टनमध्ये तुरुंगातल्या कैद्यांनीही माळावरच्या रोपांची मोठी संख्या वाढवली. एव्हरग्रीन स्टेट कॉलेज आणि राज्याच्या तुरुंग खात्याचा हा एकत्र कार्यक्रम आहे. पुरेसं बी हाती आल्यावर आगीनंतर थेट पेरणी सुरू झाली आणि वस्त्यांचे आकडे उड्या मारू लागले.

कुठलं बी कुठे

ऑरेगनसाठी बी आणायचं कुठून, हा प्रश्न अवघड होता, कारण तिथली स्वतःची वस्ती 1938 नंतर शिल्लकच नव्हती. साधा विचार असा की सर्वांत जवळच्या वस्तीचं बी आणावं. म्हणून उरलेल्या अनेक वस्त्यांची रोपं विलामेट खोऱ्यातल्या जागांवर शेजारी-शेजारी लावून पाहिली. नकाशावरचं अंतर फारसं कामाचं ठरलं नाही. बी जिथलं, तिथली माती आणि तिथली सोबतीण झाडं नव्या जागेशी किती जुळतात, यावर जास्त अवलंबून होतं. उत्तरेकडच्या व्हिडबी बेटावरची रोपं चांगली जगली. आणि ज्या जागी देशी बहुवर्षायू झाडं भरपूर आणि परदेशी वर्षायू तणं कमी, तिथे सगळ्याच बियाण्यांनी चांगलं केलं.

रानातून बी गोळा करायचेही नियम आहेत. एका वर्षी एका वस्तीतल्या एकूण बियाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडे हात लावायचा नाही. निदान पन्नास रोपांवरून थोडं-थोडं घ्यायचं, एकाच धष्टपुष्ट रोपावरून मूठभर नाही. प्रत्येक रोपाचं पाकीट वेगळं ठेवायचं. बोंडं तपकिरी होऊन टोकाशी नुकती उकलायला लागली की ती वेळ. हिरवी काढली तर बी कच्चं निघतं, आणि आठवडाभर उशीर झाला तर बोंडं रिकामी. ठेवणीचं बी पंधरा टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत वाळवून उणे अठरा अंशांवर ठेवतात.

एकाला वाचवताना दुसऱ्याला धोका

या सगळ्या कामातली सर्वांत मोठी अडचण तणामुळे आली नाही. ती आली दुसऱ्या एका संवर्धनाच्या कामातून. याच माळावर टेलर्स चेकरस्पॉट नावाचं नारिंगी-काळ्या चौकटींचं फुलपाखरू आहे. 2013 साली त्याचीही नोंद अतिधोक्यातल्या प्रजातींत झाली. त्याच्या अळ्या पेंटब्रश खातात. म्हणून फुलपाखराच्या जागांवर हार्श पेंटब्रश हा तांबड्या-शेंदरी रंगाचा, बऱ्यापैकी मिळणारा भाऊबंद मोठ्या प्रमाणावर पेरला गेला. काही माळांवर दोन्ही पेंटब्रश जवळजवळ आले, बंबल मधमाश्यांनी पराग इकडून तिकडे नेला आणि संकर उगवला. संकराची रोपं वांझ नसतात. ती सोनेरी पेंटब्रशशी पुन्हा जुळतात आणि काही पिढ्यांत शुद्ध सोनेरी रोप सापडणं कठीण होऊन बसतं.

ओळखायचं कसं? शुद्ध सोनेरी रोपाची फुलांखालची पानं निखळ पिवळी आणि बहुधा अखंड, फार तर टोकाजवळ एक-दोन आखूड दाते. हार्शची तांबडी आणि खोल चिरलेली. संकर या दोहोंच्या मध्ये: पिवळ्यावर नारिंगी छटा आणि पानाला जरा जास्त चिरा. अडचण अशी की नारिंगी छटा उन्हात फिकी पडते, त्यामुळे मोजणी करणाऱ्याला दुपारी दुरून पाहून चालत नाही, दांडा हातात धरून पान न् पान पाहावं लागतं. संशयित रोप बी धरण्याआधीच मुळासकट काढतात. जिथे संकर पसरला आहे, अशा वस्त्या सोनेरी पेंटब्रशच्या हिशेबात धरत नाहीत. आणि आता दोन्ही पेंटब्रश एका माळावर पेरायचेच नाहीत, असं धोरण आहे. फुलपाखराची सोय इतरत्रही लावता येते. त्याच्या अळ्या सोनेरी पेंटब्रशही खातात आणि प्लँटेन नावाच्या युरोपीय तणावरही जगतात. चांगल्या हेतूने पेरलेलं बीसुद्धा आधी शेजारी कोण आहे ते पाहूनच टाकायला हवं होतं, हे इथे महागात पडून कळलं.

मोजणी आणि पुढची वर्षं

2000 साली ठरलेल्या आराखड्यात उद्दिष्ट स्पष्ट होतं: वीस स्थिर वस्त्या, प्रत्येकीत पाच वर्षांच्या सरासरीने निदान हजार रोपं, आणि त्यातल्या पंधरा तरी संरक्षित जागेवर. सरासरी पाच वर्षांची का, तर हे फूल फसवतं. आगीनंतर पेरलेली वस्ती पहिल्या तीन-चार वर्षांत इतकी भरभरून फुलते, की सगळं जमलं असं वाटावं. मग गवत पुन्हा दाटतं, पहिली पिढी म्हातारी होते आणि आकडा घसरतो. एका वर्षाच्या बहरावर विसंबून काम थांबवलेल्या जागा पुन्हा रिकाम्या होऊ शकतात.

मोजणी मे महिन्यात, बहर भरात असताना होते आणि फक्त फुललेली रोपं मोजतात. न फुललेलं रोप गवतात दिसत नाही, ते धरायला गेलं तर दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. लहान वस्तीत दोऱ्या आखून एकेक रोप मोजतात. मोठ्या वस्तीत ठरावीक रेषांवर चौकटी टाकतात आणि त्यावरून एकूण अंदाज काढतात. त्याच वेळी दोन नोंदी आणखी करतात: चौकटीत उघडी माती किती, आणि या वर्षी उगवलेली बारीक रोपं आहेत का. फुलांचा आकडा चांगला आणि बारीक रोपं एकही नाहीत, अशी वस्ती दोन वर्षांत ढासळणार हे आधीच कळतं, आणि त्या तुकड्याची आगीची पाळी पुढे ओढून घेता येते.

यादीतून नाव निघाल्यावर कायद्याने निदान पाच वर्षं देखरेख ठेवावी लागते, आणि ती चालू आहे. कॅनडात ते अजून धोक्यातल्या यादीतच आहे. तिथल्या मूळ वस्त्या ट्रायल आयलंड आणि अल्फा आयलेट या दोन छोट्या खडकाळ बेटांवर उरल्या आहेत. समुद्राच्या वाऱ्याने आणि खारट माऱ्याने तिथे झुडपं फार वाढत नाहीत, म्हणून त्या टिकल्या. मुख्य भूमीवरच्या माळांना ती सोय नाही. तिथे दर सप्टेंबरात कुठला तुकडा जाळायचा, कुठल्या तुकड्यात ब्रूमची रोपं तिसऱ्या वर्षात आली, कुठे बी टाकायचं, याची यादी नव्याने निघते.